बिनपासिंगचा गोळा

आमचे घरमालक काका संध्याकाळचं जेवण सूर्य मावळायच्या आत उरकत आणि मग दुसऱ्या जगात जात. जायला त्यांना फार काही लागत नसे. ओट्यावर एक सतरंजी, पुतण्याने टाकून दिलेला तडा गेलेला मोबाईल आणि समोर ऐकायला दोन-चार माणसं. माणसं नसली तर ते रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारत, "या राव, आज राजाची जिरणार आहे."

ओतूरला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. पुढे भावांचं किराणा-भुसाराचं दुकान, मागे गोदाम आणि वर आम्हा कॉलेजच्या मुलींना भाड्याने दिलेल्या खोल्या. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले म्हणे. काका स्वतः कधी तिकडे गेले नव्हते. "उन्हाळ्यात लई गरम होतं," एवढीच त्यांची आपल्या मूळ मुलखाबद्दलची माहिती. दुसऱ्या जगाबद्दल मात्र ते असं तपशीलवार बोलत, की तिथे त्यांचं चुलतघर असावं.

हे दुसरं जग म्हणजे हिंदीत बोलणारी एक जपानी कार्टून मालिका. कॉलेजची मुलं बसने सहलीला निघतात, बस दरीत कोसळते आणि डोळे उघडतात ते राक्षस, जादूगार आणि राजवाडे असलेल्या भलत्याच जगात. काकांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मापाडीमामांनी ताबडतोब विचारलं, "कुठं कोसळली? माळशेजला?"

मापाडीमामा म्हणजे मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या तोलणारे गृहस्थ. रोज संध्याकाळी घरी जाताना ते ओट्यावर टेकत आणि काकांना एक वाक्य धड पूर्ण करू देत नसत.

"जपानात, मामा."

"मग तिकडं पण कठडं न्हाईत म्हणायचं."

तर त्या जगाचा राजा मुलांना दरबारात उभं करतो. मध्ये काचेचा एक मोठा गोळा. गोळ्यावर हात ठेवला, की ज्याच्यात जेवढी शक्ती तेवढा आकडा उमटतो. एकाला आगीची शक्ती, एकाला विजेची. सगळ्यात शेवटी एक किरकोळ अंगाचा मुलगा हात ठेवतो आणि गोळा शून्य दाखवतो. दरबार हसतो. राजा त्याला वेशीबाहेर हाकलून देतो. बरोबरची मुलंसुद्धा तोंड फिरवतात. त्या मुलाला जपानी नाव होतं. पण काका त्याला पहिल्या दिवसापासून "आपला पोरगा" म्हणत आणि मग सगळेच तसं म्हणू लागले.

या प्रसंगावर काकांचा राग कधी निवला नाही. इतरांना राजाच्या दुष्टपणाचा राग यायचा. काकांना वेगळ्याच गोष्टीचा.

"गोळ्याचं पासिंग कुठंय?" ते विचारत. "आमचा गोदामातला काटा वरसाला वजनमापवाल्यांकडून पास करून घ्यावा लागतो. शिक्का नसला तर दंड. अन् हा राजा बिनपासिंगच्या गोळ्यावर माणसं तोलतो? मी मोबाईल उलटा करून बघितला, बुडाला शिक्का न्हाई."

"शेठ, राजाला कोण दंड करणार?" मापाडीमामा म्हणत.

"म्हणून तर राज्य बुडतं."

आतून काकूंचा आवाज यायचा, "राज्य बुडू द्या, दुधाचं पातेलं घासायला द्या आधी." काकूंना त्या जगाबद्दल काडीचं प्रेम नव्हतं. त्यांच्या मते त्या जगात एकही बाई स्वयंपाक करताना दिसत नव्हती, म्हणजे ते खोटंच असणार.

काकांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट आणि पडद्यावरची गोष्ट यांत बराच फरक असे, हे मला फार पुढे कळलं. जंगलात हाकललेला तो मुलगा काय खायचा? काका सांगायचे, भाजलेली कणसं. डोंगराएवढा अजगर समोर आला तरी आपला पोरगा कणीसच खायचा. एकदा मापाडीमामांनी सुचवलं की निदान कांदा-भाकर तरी खाऊ द्या. काकांनी मान हलवली. ज्या घराचं गोदाम कांद्याने भरलेलं असायचं, त्या घरात कांदा शिजत नसे. मग तो दुसऱ्या जगात तरी कसा शिजावा?

"कांदाबी न्हाई खात?" मामा हबकले. "मग राक्षसाशी लढतोय कशाच्या जोरावर?"

लढाईतही कुणी मरत नसे. राक्षस शरण यायचा, चूक कबूल करायचा आणि दुसऱ्या तालुक्यात राहायला जायचा. आमच्या हिशेबाने शेजारचा निम्मा अकोले तालुका अशा राक्षसांनी भरला होता. मध्येच एखादी राजकन्या तळ्यावर आंघोळीला आली, की काका मोबाईल छातीशी धरून म्हणत, "जाहिरात लागलीय."

त्या मुलाला जंगलात एक जखमी पिल्लू सापडतं, वाघासारखं पण शिंगं असलेलं, आणि तो ते पाळतो. त्या दिवशी ओट्यावर भांडण झालं. आमच्याकडे उसात बिबट्याची पिल्लं सापडतात, त्यामुळे या विषयावर प्रत्येकाला मत होतं.

"पिल्लाला हात न्हाई लावायचा," मामा म्हणाले. "आई वास घेत येती. वनखात्याला फोन करायचा."

"तिथं वनखातं नाय, मामा."

"मग माणिकडोहच्या बिबट्या केंद्रात नेऊन सोडा. शिंगं आसंनात का, घेत्याल ते."

हे सगळं मी तेव्हा खिडकीतून, पुस्तकात डोकं घालून ऐकत होते आणि मनातून वैतागत होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मंचरच्या कॉलेजच्या यादीत नाव लागलं नाही म्हणून ओतूरला आले होते. वडील पारगावला साखर कारखान्यात सीझनपुरते वजनकाट्यावर कामाला होते आणि बाकीचे दिवस दुसऱ्याच्या शेतात. मला फिजिक्स कळत नव्हतं आणि खाली एक साठीचे गृहस्थ कार्टूनमधल्या मांजराला चारा काय द्यावा यावर वाद घालत होते.

काका असे रिकामे का, हे मला काकूंनी सांगितलं. पूर्वी दुकानाच्या गादीवर तेच बसत. पण त्यांना एक खोड होती. गिऱ्हाईक रवा मागायचं आणि काका म्हणायचे, "आज नको नेऊ, अळ्या झाल्यात." कुणी भारीतलं तूप मागितलं तर म्हणायचे, "कुणासाठी? जावयासाठी? मग साधं ने, त्याला काय कळतंय." दोन्ही धाकट्या भावांनी एक वर्ष सोसलं. मग एका पाडव्याला गादीची पूजा झाली आणि काकांना मागच्या गोदामाच्या काट्यावर पाठवण्यात आलं. कुणी आवाज चढवला नाही. काकाही आपला चष्मा उचलून मागे गेले.

"तवापासून त्यांना हाकललेली माणसं लई आवडत्यात," काकू म्हणाल्या आणि तांदूळ निवडत बसल्या.

जानेवारीत माझ्या पहिल्या सत्राचा निकाल लागला. तीन विषय राहिले. दोन दिवसांनी वडील ओतूरला आले. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. रात्रपाळी करून तसेच आले होते. डोळे लाल, शर्टाला मळीचा वास. रागावले वगैरे काही नाहीत. खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, "पेटी बांध. बघितलं शिकून. न्हाई जमलं, तर न्हाई जमलं. त्यात काय." खेडकडचं एक स्थळ आत्याने सांगून ठेवलं होतं, ते आता बघू म्हणाले. नारायणगावची एसटी पाचला होती.

मी पेटी भरली. रडले नाही, कारण आप्पांचं म्हणणं चूक वाटत नव्हतं. निकालात आकडा होता आणि तो मी नाकारू शकत नव्हते. पेटी घेऊन खाली आलो, तर ओट्यावर काका.

"निघाला का, पावणं? पाणी तरी घ्या."

आप्पा टेकले. पेटी पायाशी. काकांनी निकालाचं विचारलं नाही. माझ्या बाजूने एक शब्द बोलले नाहीत. कॉलेज, शिक्षण, मुलीचं भविष्य, काही नाही. त्यांनी विचारलं, "कारखान्यात काट्यावर असता ना तुमी? मग एक सांगा. समजा, एक राजा आहे."

मला वाटलं, जमीन दुभंगावी. एवढ्या मोठ्या दिवशी माझ्या बापाला कार्टून!

काकांनी बस दरीत घातली. दरबार भरवला. गोळा आणला. आपल्या पोराने हात ठेवला आणि गोळ्याने शून्य दाखवलं. इथे आप्पांनी पहिल्यांदा मान वर केली.

"थांबा, शेठ. आधीच्या पोराचं किती आलं व्हतं?"

"नव्वद हजार."

"मग मधी काटा शून्यावर घेतला व्हता का? आमच्याकडं एक गाडी उतरली, की आधी काटा शून्यावर आला का बघत्यात, मगच दुसरी चढवायची. ह्यानी लागोपाठ पोरं चढवली. घोटाळा हुणारच."

काका जागेवरून अर्धे उठले. एवढ्या दिवसांत त्यांना मुद्दा कळणारं पहिल्यांदाच कुणीतरी भेटलं होतं. "अन् पासिंग?"

"पासिंगबी नसंल तर मग इषयच सपला. आन् दुसरं, एकदाच का तोलला? शंका आली तर गाडी माघारी घेऊन परत चढवत्यात. कुणाचीबी आसू द्या. ह्यो कसला राजा?"

"हेच. मी हेच म्हणतो, हे लोक हसतात."

मग दोघांनी मिळून राजाचा जो उद्धार केला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. पाचची एसटी हॉर्न वाजवत गेली. आप्पांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आपला पोरगा जंगलात गेला. पिल्लू सापडलं. वनखात्याचा मुद्दा आप्पांनीही काढला. काकूंनी दोनदा येऊन सांगितलं, "जेवून घ्या, दिवस बुडतोय." काकांनी दोन्ही वेळा नुसता हात हलवला. आपला पोरगा लेण्यांसारख्या गुहांच्या डोंगरात शिरला. "लेण्याद्रीला गेलायत ना? तसंच. फक्त माकडांच्या जागी राक्षस," काका म्हणाले. गुहेच्या तोंडाशी राजाचं सैन्य आलं. आत राक्षस, बाहेर सैन्य, हातात एक कणीस आणि खांद्यावर पिल्लू.

"मग?" आप्पा म्हणाले.

"मग काय? आजचा भाग संपला."

"आसं कसं? सांगा की."

"उद्या येणार पुढचं. मोबाईलात आल्याबिगर मी कुठून सांगू?"

"उद्या मी ड्यूटीवर आसनार."

"मग काय करायचं?" काका सहज म्हणाले. "ही ऐकते रोज. ती इथं असती तर तुमाला फोनवर सांगितलं असतं."

मी त्या दिवसापर्यंत एकही भाग नीट ऐकला नव्हता. पण मान डोलावली.

आप्पा पेटीवर हात ठेवून बसले. शेवटची गाडी लागली तेव्हा उठले. "तीन इषय परत देता येत्यात का?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. "मग ठेव पेटी वर. आयतवारी फोन करत जा." दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, "नीट ध्यान दिऊन ऐक. आर्धवट सांगू नको."

मी पेटी घेऊन जिना चढताना काकू म्हणाल्या, "तुझ्या बापापायी आज उपाशी झोपणार हे. दिवस बुडाल्यावर पाणीसुद्धा घेत न्हाईत." मी खाली पाहिलं. काका काळोख पडलेल्या ओट्यावर सतरंजी झटकत होते आणि स्वतःशीच म्हणत होते, "शून्यावर घेतलाच नव्हता. वा!"

त्यानंतर माझं कॉलेज दोन ठिकाणी सुरू झालं. दिवसा तिथे, संध्याकाळी ओट्यावर. रविवारी आप्पांचा फोन यायचा आणि तोंडी परीक्षा सुरू व्हायची. "पूल कुणी तोडला?" "मागच्या बारीला त्याचा डावा हात दुखत व्हता, आता उजवा कसा काय?" फिजिक्सचे प्रयोग मला इतक्या बारकाईने कुणी विचारले नाहीत. आप्पा तेच पुढे काट्यावर सांगायचे. ऊस घेऊन आलेल्या ट्रॅक्टरांची रांग असायची आणि गोष्ट रांगेतून मागे मागे जायची. एका सोमवारी त्यांनी भर दुपारी फोन करून विचारलं, "ती म्हातारी जादूगारीण खरंच मेली का? हितं दोन ट्रॅक्टरवाल्यांची पैज लागलीय." मी काकांना विचारलं. काका म्हणाले, "आपल्याकडे कुणी मरत नाय, माहीत असून विचारते? अकोल्याला गेली."

राहिलेले विषय सुटले. पुढचं वर्ष आलं. स्थळांचा विषय अधूनमधून निघायचा, विशेषतः दिवाळीच्या सुट्टीत. एका दिवाळीच्या आदल्या दिवशी आपला पोरगा तळ नसलेल्या विहिरीत पडला. सुट्टी संपून मी परत आल्याशिवाय तो वर येणार नव्हता. आप्पांनी मला पाच दिवसांतच ओतूरच्या गाडीत बसवलं. माझ्या प्रॅक्टिकलच्या आठवड्यात हटकून राजाची स्वारी यायची आणि घरून बोलावणं यायचं नाही. दुसऱ्या वर्षी आत्याने पाहुणे घरी आणायचं ठरवलं, त्याच रविवारी त्या पोराला दुसऱ्यांदा गोळ्यासमोर उभं करणार असल्याची दवंडी पिटली गेली आणि आप्पांनी पाहुण्यांना "पोरगी परीक्षेत हाय" म्हणून परस्पर वाटेला लावलं. मला हे सगळे योगायोग वाटत. देव पाठीशी आहे असं वाटे. मी लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाला नारळही फोडून आले.

शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली आणि हातात जरा वेळ आला. तेव्हा मनात आलं, की ज्या मालिकेने मला एवढं तारलं, ती एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. मैत्रिणीच्या मोबाईलवर शोधली आणि दोन दिवसांत पाहून संपवली.

दोनच दिवसांत. कारण ती तेवढीच होती. आपला पोरगा पहिल्याच भागात रानडुकराची तंगडी भाजून खात होता. माणसं तर तो कणसं सोलावीत तशी कापत होता. तळ्यावर राजकन्या येत होत्या आणि जाहिरात लागत नव्हती. शेवटी तो गुहेच्या तोंडाशी उभा राहतो, समोर सैन्य, पडदा काळा. पुढे काही नाही. मालिका तिथेच बंद पडली होती. आणि ती बंद पडली होती मी ओतूरला यायच्याही आधी.

मी खाली गोदामात गेले. काका काट्यावर हरभऱ्याचं पोतं तोलत होते.

"काका, ती मालिका केव्हाच बंद पडलीय."

"कोणती?"

"आपल्या पोराची. गुहेच्या पुढे भागच नाहीत. मी पाहिली."

काकांनी पोतं उतरवलं. काटा शून्यावर आला का, ते वाकून पाहिलं. मग म्हणाले, "जपानात बंद पडली असंल. ओतूरला चालू आहे."

"मला विचार," काकू मागून आल्या. "रोज आंघोळीला बसले की बडबड. राक्षसाला मारू का सोडू, राजाच्या प्रधानाला काय म्हणू. एक राक्षस तर हुबेहूब धाकट्या दिरांसारखा बोलायचा. ते आले ओट्यावर एकदा, ऐकून हसले. वळखू आलं न्हाई त्यांना."

मी वाकून काकांच्या पाया पडायला गेले, तर ते घाईने पुढचं पोतं आणायला निघाले. "काट्यावर उभी राहू नको," एवढंच म्हणाले.

निकाल लागला त्या दिवशी मी आप्पांना फोन केला. फर्स्ट क्लास मिळाला होता. आप्पा "बरं झालं. लई बरं झालं," म्हणाले आणि फोन बाजूला धरून आईला ओरडून सांगितलं. ती रडत असावी. आप्पा परत फोनवर आले.

"आन् आपल्या पोराचं काय झालं?"

मला खोटं बोलवेना. "आप्पा, एक सांगायचंय. ती मालिका खरी नव्हती. म्हणजे खरी होती, पण ती..."

"बंद पडलीय," आप्पा म्हणाले. "म्हाईत हाय. दुसऱ्या सीझनच्या सुरवातीलाच एका ट्रॅक्टरवाल्याच्या पोरानं मोबाईलात दावली व्हती मला. त्यातलं ते पोरगं मटन खातंय."

मी हिशेब लावला. दुसरा सीझन म्हणजे माझं दुसरं वर्ष. विहीर, दवंडी, वाटेला लावलेले पाहुणे, सगळं त्यानंतरचं.

"मग तुम्ही दर रविवारी विचारत का होता?"

"मग काय करू? मला फिजिक्स इचारता येत न्हाई," आप्पा म्हणाले. "आन् शेठची गोष्ट त्या जपान्यापेक्षा चांगली हाय. चल, सांग बिगीबिगी, म्हशीला पानी दावायचंय. परत गोळ्यावर हात ठेवला का त्यानं?"

मी ओट्यावर उभी होते. काका सतरंजीवर बसले होते, जेवण उरकून, मोबाईल बाजूला पालथा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सांग, म्हणून हात केला.

"ठेवला, आप्पा," मी म्हटलं. "पण आधी त्याने गोळा शून्यावर घ्यायला लावला."